मैहरची तालीम, कॅलिफोर्नियाचा वर्ग

उस्ताद अली अकबर खाँ (१९२२–२००९) हे विसाव्या शतकातील हिंदुस्थानी वाद्यसंगीतातले अग्रगण्य सरोदवादक. दरबारी वादक, आकाशवाणीचे संगीत-दिग्दर्शक, चित्रपटांचे संगीतकार, नव्या रागांचे कर्ते, स्वतःच्या ध्वनिमुद्रिका काढणारे प्रकाशक आणि तीन देशांत संगीतशाळा उभारणारे गुरू अशी त्यांच्या कामाची यादी सांगता येते. मैफल, शिकवणे आणि रचना यांचा त्यांनी समतोल साधला, असे त्यांच्याविषयी सहज म्हटले जाते. ते तितकेसे खरे नाही. या तीन कामांच्या सारख्या वाटण्या त्यांनी कधीच केल्या नाहीत. आयुष्याच्या पूर्वार्धात मैफल पुढे होती. उत्तरार्धात त्यांनी वर्गाला पहिला मान दिला आणि मैफली वर्गाच्या वेळापत्रकात बसवल्या. चित्रपटाचे काम आले तेव्हा केले, थांबले तेव्हा थांबू दिले. एवढ्या तोलाचा वादक वर्षातले नऊ महिने शिकवण्यासाठी राखून ठेवतो, हे उदाहरण हिंदुस्थानी संगीतात विरळा आहे, आणि ते कसे घडले हे पाहण्यासारखे आहे.

१४ एप्रिल १९२२ रोजी तेव्हाच्या पूर्व बंगालातील शिबपूर या गावी त्यांचा जन्म झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वाढले मात्र ते मध्य भारतातील मैहर या छोट्या संस्थानात. वडील उस्ताद अल्लाउद्दीन खाँ तेथे राजगायक-वादक होते आणि सारे त्यांना ‘बाबा’ म्हणत. बाबांनी रामपूरचे बीनकार वझीर खाँ यांच्याकडून तानसेन परंपरेतील धृपद अंगाची विद्या मोठ्या खस्ता खाऊन मिळवली होती. त्याखेरीज व्हायोलिन, सनई, तबला, पखवाज अशी अनेक वाद्ये त्यांच्या हाताखालून गेली होती. साथीच्या रोगात पोरकी झालेली मुले गोळा करून त्यांनी मैहर बँड उभा केला. त्यात देशी वाद्यांबरोबर पाश्चात्त्य वाद्ये होती आणि बंदुकीच्या नळ्यांपासून घडवलेले ‘नलतरंग’ही होते. वाद्यवृंदासाठी रचना करणे आणि ज्यांच्या घरात गाणे नाही अशा मुलांना शिकवणे, या दोन्ही गोष्टी अली अकबर यांनी लहानपणी घराच्या अंगणातच पाहिल्या. पुढे कॅलिफोर्नियात त्यांनी जे केले त्याचा उगम अमेरिकेत शोधण्याचे कारण नाही.

घरातली तालीम कडक होती. गळ्याची तालीम वडिलांकडे आणि तालवाद्यांची काका फकीर आफताबुद्दीन यांच्याकडे, असा प्रारंभ झाला. बरीच वाद्ये हाताळून झाल्यावर सरोद कायमचा हाती आला. दिवसाचे अठरा-अठरा तास रियाज चाले, असे ते पुढे सांगत. बाबांचा राग प्रसिद्ध होता आणि मुलगा म्हणून त्यात सूट नव्हती, उलट जास्तच वाटा येई. धाकटी बहीण अन्नपूर्णा (१९२७–२०१८) याच घरात सूरबहार शिकली. १९३८ मध्ये उदयशंकरांच्या नृत्यपथकातला झगमगाट सोडून रविशंकर मैहरला येऊन राहिले. या तिघांची तालीम काही वर्षे एकाच छपराखाली झाली. पुढे तिघांनी त्या विद्येचे काय केले याची उत्तरे इतकी वेगळी निघाली की त्यांचा विचार एकत्र करावा लागतो. तो पुढे येईल.

सरोदाबद्दल थोडे सांगायला हवे. या वाद्याला सतारीसारखे पडदे नसतात. गुळगुळीत पोलादी पट्टीवर डाव्या हाताच्या नखाच्या कडेने तार दाबून स्वर काढायचा आणि तसेच घसरत जाऊन मिंड घ्यायची. उजव्या हातात नारळाच्या करवंटीचा जवा धरून तार छेडायची. तबलीवर कातडे ताणलेले असते, त्यामुळे आघाताला ठोसपणा येतो. मात्र सतारीच्या मानाने नाद लवकर विरतो. अल्लाउद्दीन खाँ आणि त्यांचे भाऊ आयेत अली खाँ यांनी या वाद्याच्या घडणीत बदल केले. मैहर घराण्याच्या सरोदाला पंचवीस तारा असतात. त्यांतल्या दहा जव्याने वाजतात आणि पंधरा तरफेच्या असतात. नखाने काम करायचे असल्याने नखाला खाच पडते, ते घासावे लागते, जपावे लागते. स्वराची जागा दाखवायला पडदा नाही, म्हणून रियाजात खंड पडला की सूर लगेच ढळतो. शिकवण्यात तासन्‌तास घालवणाऱ्या सरोदियाला वादनाची धार राखणे अवघड जाते ते यामुळे.

१९३६ मध्ये अलाहाबादच्या संगीत परिषदेत अली अकबर यांनी पहिल्यांदा जाहीरपणे वाजवले. १९४०च्या दशकात लखनौ आकाशवाणीवर संगीत-दिग्दर्शक म्हणून त्यांनी काम केले. त्यात स्वतःचे वादन होतेच, शिवाय वाद्यवृंदासाठी लिहिणेही होते. त्यानंतर जोधपूरच्या दरबारात त्यांची नेमणूक झाली. ‘उस्ताद’ ही पदवी त्यांना जोधपूरच्या महाराजांनी दिली. वडिलांनी पुढे दिलेल्या ‘स्वरसम्राट’ या पदवीचे मोल त्यांना तिच्याहून अधिक वाटे. ज्या बापाच्या तोंडून कौतुकाचा शब्द वर्षानुवर्षे निघाला नाही त्याने दिलेली पदवी, म्हणून ते साहजिकही होते. संस्थाने विलीन झाली, जानेवारी १९५२ मध्ये महाराजा हनवंतसिंह विमान अपघातात गेले आणि दरबारी नोकरीचे युग संपले. त्या पिढीच्या बहुतेक कलावंतांपुढे तेव्हा एकच प्रश्न होता: राजा गेला, आता पोशिंदा कोण? आकाशवाणी, चित्रपट, ध्वनिमुद्रिका, परिषदा आणि शिकवण्या ही उपलब्ध उत्तरे होती. अली अकबर यांनी ती सगळी करून पाहिली.

पहिले उत्तर मुंबईत होते. चेतन आनंद दिग्दर्शित ‘आँधियाँ’ (१९५२) या नवकेतनच्या चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. देव आनंद आणि निम्मी यांचा हा चित्रपट फारसा चालला नाही, पण त्यातले ‘हर कहीं पे शादमानी’ हे लता मंगेशकरांचे गाणे जाणकारांच्या लक्षात राहिले. उस्तादांविषयीच्या आदरापोटी लताबाईंनी या गाण्याचे मानधन घेतले नव्हते. मराठी श्रोत्यांच्या दृष्टीने या प्रकरणातून निघालेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ‘आँधियाँ’ आणि पाठोपाठच्या ‘हमसफर’साठी अली अकबर यांनी साहाय्यक म्हणून आपला शिष्य जयदेव याला सोबत घेतले. उस्ताद चित्रपटसृष्टीतून बाहेर पडले, जयदेव मुंबईतच राहिले. ‘हम दोनों’पासून ‘गमन’पर्यंतचे त्यांचे काम आणि अमोल पालेकरांच्या ‘अनकही’त भीमसेन जोशी व आशा भोसले यांच्याकडून गाऊन घेतलेली पदे या साऱ्यामागे सरोदियाकडून मिळालेली रागाची समज आहे. म्हणजे मुंबईच्या चित्रपटसंगीताला अली अकबर यांनी दिलेले खरे देणे त्यांच्या स्वतःच्या चालींहून त्यांच्या शिष्याच्या चालींत जास्त सापडते. शिकवण्याचा असा आडवळणाचा परिणाम त्यांच्या चरित्रात पुन्हा पुन्हा दिसतो.

बंगालीतले त्यांचे काम अधिक वजनदार आहे. तपन सिन्हा यांचा ‘क्षुधित पाषाण’ आणि सत्यजित राय यांचा ‘देवी’ हे दोन्ही चित्रपट १९६० चे. रवींद्रनाथांच्या कथेवरच्या ‘क्षुधित पाषाण’मध्ये उस्ताद अमीर खाँ यांचा आवाज आहे आणि पडक्या महालाचे गूढ संगीताने तोलून धरले आहे. ‘देवी’चा अनुभव दोन्ही बाजूंना तितकासा सुखाचा नसावा. रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर अशा मोठ्या वादकांबरोबर काम केल्यावर राय या निष्कर्षाला आले की मैफलीचा कलावंत चित्रपटाच्या मोजलेल्या सेकंदांत आपल्याला हवा तसा बसत नाही, आणि १९६१ च्या ‘तीन कन्या’पासून ते आपल्या चित्रपटांचे संगीत स्वतःच करू लागले. राय यांची तक्रार समजण्यासारखी आहे. तास-दीड तास एका रागाची उकल करणाऱ्या माणसाला चाळीस सेकंदांचा तुकडा मागणे म्हणजे त्याची मूळ ताकद बाजूला ठेवायला सांगणे होय. १९६३ मध्ये जेम्स आयव्हरी यांच्या ‘द हाउसहोल्डर’ला अली अकबर यांनी संगीत दिले. पुढे तीस वर्षांनी बर्तोलुची यांच्या ‘लिटल बुद्धा’मध्येही त्यांचे वादन आले. एवढ्या कामातून चित्रपट-संगीतकार म्हणून त्यांचे नाव झाले नाही, आणि ते व्हावे म्हणून त्यांनी धडपडही केली नाही.

रचनाकार म्हणून त्यांचे नाव टिकले ते रागांमुळे, आणि त्यातही चंद्रनंदनमुळे. १९४०च्या दशकात एच.एम.व्ही.साठी ७८ फेऱ्यांची तबकडी मुद्रित करताना काहीतरी नवे द्या अशी मागणी झाली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मालकंस, चंद्रकंस, नंदकंस आणि कौशी कानडा यांचे अंश एकत्र करून उस्तादांनी ऐनवेळी काहीतरी बांधले, वाजवले आणि त्याला चंद्रनंदन हे नाव दिले. तबकडी गाजली. मग परिषदांमध्ये श्रोते त्याच रागाची फर्माईश करू लागले. ज्याने तो घडवला त्याला तो पुन्हा मांडण्यासाठी स्वतःची तबकडी ऐकून अभ्यास करावा लागला, ही हकीकत ते हसत सांगत. तीन मिनिटांचा तो नमुना पुढे पूर्ण विस्ताराच्या रागात उतरला आणि १९६०च्या दशकात महापुरुष मिश्र यांच्या तबल्यासह दीर्घ ध्वनिमुद्रिकेत आला. जोडरागांचे पीक त्या काळात सगळीकडेच होते आणि त्यातले बहुतेक निर्मात्याबरोबरच संपले. चंद्रनंदन इतर वादकांच्या मैफलीत आला, हीच त्याची परीक्षा होती. बाराही स्वरांचा उपयोग करणारा गौरीमंजिरी हा त्यांचा दुसरा महत्त्वाचा राग. तो ऐकायला गोड आणि वाजवायला धोकादायक आहे, कारण बारा स्वर हाताशी असताना रागाची वाट चुकायला फार वेळ लागत नाही.

त्यांच्या वादनाचे वर्णन करायचे तर आधी गळ्याकडे जावे लागते. जे बोटातून काढायचे ते आधी गाता आले पाहिजे, असा मैहरचा दंडक होता. अली अकबर यांच्या आलापात एकेका स्वराभोवती मोकळी जागा असे. ओळ कुठे संपेल याचा अंदाज बांधावा तर ती अर्ध्यावर थांबे आणि पुढची सुरुवात भलत्याच ठिकाणाहून होई. गतीमध्ये ‘दा-रा’च्या बोलांची त्यांची वाटणी विषम असे, त्यामुळे समेवर येईपर्यंत तबलजीला सावध राहावे लागे. द्रुताच्या तयारीत त्यांच्यापेक्षा चपळ वादक त्या काळात होते. प्रत्येक मैफल सारखीच रंगे असेही नाही. पण ज्या दिवशी रंगे त्या दिवशी दरबारी किंवा मारव्याची त्यांची चार वाक्ये इतरांच्या तासाभराला भारी पडत. मेनुहिनसारख्या व्हायोलिनवादकाने त्यांची गणना जगातल्या थोर संगीतकारांत केली ती या गुणासाठी.

येहुदी मेनुहिन यांच्याच निमंत्रणावरून ते १९५५ मध्ये पहिल्यांदा अमेरिकेला गेले. निमंत्रण मुळात रविशंकरांना होते. त्यांना जाणे जमले नाही, म्हणून त्यांनी मेहुण्याचे, म्हणजे पत्नी अन्नपूर्णा यांच्या भावाचे, नाव सुचवले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अली अकबर यांनी वाजवले. तबल्यावर चतुरलाल होते. अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या ‘ऑम्निबस’ या कार्यक्रमातही त्यांचे वादन झाले. त्याच वेळी एंजल कंपनीने काढलेली ‘म्युझिक ऑफ इंडिया: मॉर्निंग अँड इव्हनिंग रागाज’ ही पाश्चात्त्य देशांत निघालेली हिंदुस्थानी रागसंगीताची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका. एका बाजूला सिंधु भैरवी, दुसऱ्या बाजूला पिलू आणि प्रारंभी मेनुहिन यांच्या आवाजातला परिचय. सतारीची लाट येण्याच्या दहा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. बीटल्सच्या नावाने सुरू होणाऱ्या इतिहासांत ती बहुधा गाळली जाते.

अमेरिकेहून परतल्यावर १९५६ मध्ये त्यांनी कलकत्त्यात ‘अली अकबर कॉलेज ऑफ म्युझिक’ सुरू केले. त्यांच्या आयुष्याचा काटा येथून शिकवण्याकडे झुकू लागला. १९६५ मध्ये ‘अमेरिकन सोसायटी फॉर ईस्टर्न आर्ट्‌स’ या संस्थेने त्यांना उन्हाळी वर्ग घेण्यासाठी बर्कलेला बोलावले. विद्यार्थ्यांची भूक पाहून १९६७ मध्ये त्यांनी तेथेच स्वतःचे महाविद्यालय काढले आणि पुढच्याच वर्षी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीतील सॅन राफेल या गावी हलवले. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे शाखा निघाली. ती त्यांचे शिष्य केन झुकरमन यांनी चालवली. तबला शिकवायला शंकर घोष, तरुण झाकिर हुसेन आणि नंतर दीर्घकाळ स्वपन चौधुरी, बासरीला जी. एस. सचदेव, कथकला १९७१ पासून चित्रेश दास, असे एकेक कलावंत सॅन राफेलला आले. झाकिर हुसेन यांच्या तेथल्या तालवाद्यांच्या वर्गातून १९७६ च्या ‘दिगा’ या तबकडीचा वाद्यवृंद तयार झाला. चित्रेश दासांनी पुढे त्याच परिसरात आपली कथकशाळा उभारली. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास आज भारतीय संगीत-नृत्याचे जे जाळे दिसते त्याचे बरेच धागे या एका शाळेपर्यंत जातात.

वर्षातले नऊ महिने, आठवड्याला सहा वर्ग, असा उस्तादांचा क्रम दशकानुदशके चालला. वर्ग हा शब्द येथे नेमका घ्यायला हवा. हिंदुस्थानी संगीतात गुरूने शिष्याला समोर बसवून एकेकट्याने शिकवायचे आणि बाकीच्यांनी कान देऊन ऐकायचे, ही जुनी रीत. सॅन राफेलला खोलीभर माणसे असत. सरोद, सतार, व्हायोलिन, बासरी, गिटार, चेलो असे ज्याला जे वाद्य येते ते घेऊन तो बसे. गायनाचा वर्ग वादकांनाही चुकत नसे. गुरू एक ओळ सरगममध्ये सांगत, सारे म्हणत, लिहून घेत, मग वाजवत. त्यानंतर तीच ओळ थोडी वळवून दुसरी येई, दुसरीतून तिसरी. धृपद, धमार, सादरा, ख्याल, तराणा, मसीतखानी आणि रझाखानी गती, आलापाची वाक्ये, ताना, सारे याच पद्धतीने चाले. शिकवलेल्यातले पुष्कळसे बाबांकडून आलेले असे. पण पुष्कळसे त्या क्षणी, त्या वर्गासाठी रचलेलेही असे. एखादा राग काही आठवडे चाले आणि तेवढ्यात त्याच्या किती बाजू पुढे येत याचा हिशेब विद्यार्थ्यांच्या वह्यांत सापडतो.

या पद्धतीने दोन प्रश्न एकदम सुटले. एक म्हणजे शिकवण्यात रचनाकाराची भूक भागत होती. चित्रपटासाठी चाळीस सेकंदांचे तुकडे लिहिण्यापेक्षा वर्गासाठी रोज नवी बंदिश बांधणे त्यांच्या प्रकृतीला जास्त मानवणारे होते. आणि रागाशी रोज झटापट चालू असल्याने मैफलीचा वादकही उपाशी राहत नव्हता. शिकवणे, रचना आणि रियाज ही तीन कामे ज्याला तीन वेगळ्या खोल्यांत करावी लागतात त्याचा वेळ पुरत नाही. अली अकबर यांनी ती एका खोलीत आणली. त्यांच्या दिनक्रमाचे गुपित असेल तर ते एवढेच.

या पद्धतीला आक्षेपही आले आणि ते निराधार नव्हते. लिहून घेतलेल्या ओळी पाठ करणारा विद्यार्थी रागात स्वतंत्रपणे हिंडू शकेल का? आठवड्यातून काही तास येणाऱ्या, दिवसभर दुसरी नोकरी करणाऱ्या माणसाला मैहरची तालीम कशी मिळणार? उत्तर असे की बहुतेकांना ती मिळाली नाही, आणि मिळावी असा हट्टही नव्हता. हजारो विद्यार्थ्यांतून व्यावसायिक मैफलीपर्यंत पोचलेले थोडे. पण वाजवता येणारा, निदान एक बंदिश गाता येणारा श्रोता तेथे तयार झाला. भारतात आपण ज्याला कानसेन म्हणतो तो घडायला पिढ्यान्‌पिढ्यांचे वातावरण लागते. जेथे ते नव्हते तेथे शाळेने त्याची उणीव भरून काढली. विद्या झाकून ठेवण्याची सवय आपल्याकडच्या घराण्यांत किती खोल होती हे ठाऊक असणाऱ्याला, परक्या मुलांच्या वहीत रामपूरच्या परंपरेतील चीज उतरवून देणाऱ्या उस्तादाचे धाडस वेगळे सांगायला नको. सरोदवादक जॉर्ज रकर्ट यांनी या वर्गांतील सामग्रीवरून उत्तर हिंदुस्थानी संगीताचे एक पाठ्यपुस्तकच तयार केले. वर्गांचे ध्वनिमुद्रणही वर्षानुवर्षे होत राहिले आणि त्यातून मोठा संग्रह उभा राहिला.

भारतातले त्यांचे शिष्य हा वेगळा आणि तितकाच भरघोस विषय आहे. सतारवादक निखिल बॅनर्जी यांनी बाबांनंतर त्यांच्याकडे शिक्षण घेतले. शरनराणी यांनी सरोद हे वाद्य स्त्रीच्या हाती प्रतिष्ठेने मिरवले. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मैफलीत आणली. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची तबकडी महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत झिजेपर्यंत वाजली आहे. राजीव तारानाथ इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक आणि कन्नडमधील जाणते समीक्षक होते. ते सरोदकडे वळले आणि पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्‌समध्ये शिकवू लागले. पुढच्या पिढीत तेजेंद्र नारायण मजुमदार आहेत. या यादीतील सरोदियांचे वादन एकमेकांसारखे नाही, हे गुरूच्या शिकवण्याचे प्रमाणपत्र मानावे लागेल.

आता मैहरच्या त्या तिघांकडे. रविशंकरांनी मैफलीला केंद्रस्थान दिले. मुंबईत १९६२ मध्ये त्यांनी किन्नर संगीतशाळा काढली, पुढे लॉस एंजेलिसलाही शाखा काढली. पण सततच्या दौऱ्यांत शाळांना गुरूचा सहवास मिळणे कठीण होते आणि त्या फार काळ टिकल्या नाहीत. अन्नपूर्णादेवींनी १९५०च्या दशकातच जाहीर मैफल सोडली. मुंबईत ब्रीच कँडीच्या घरात, दार बंद करून, त्यांनी निवडक शिष्यांना शिकवले. हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर हे त्यांपैकी. त्यांचे स्वतःचे वादन जगाला जवळपास ऐकायलाच मिळाले नाही. एकाने मैफल घेतली, एकीने केवळ शिष्य घेतले. अली अकबर यांनी मधला रस्ता धरला असे वाटते खरे, पण तो मधला नव्हता. त्यांनी शाळा उघडी ठेवली, येईल त्याला घेतले आणि गुरू स्वतः तेथे राहिला. संस्था टिकण्याचे कारण इमारत किंवा देणग्या यांच्याआधी हे राहणे आहे. आपल्याकडे मोठ्या कलावंतांच्या नावाच्या संगीत अकादम्या पुष्कळ निघतात. त्यांत कलावंत किती दिवस बसतो हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मैफल त्यांनी सोडली नव्हती. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’चा प्रारंभ रविशंकर, अली अकबर आणि अल्लारखाँ यांच्या ‘बांगला धुन’ने झाला. तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती होत्या. ज्यांच्यासाठी ही मदत गोळा होत होती त्यांची भूमी ही अली अकबर यांची जन्मभूमी. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९७२ मध्ये बाबा मैहरला निवर्तले. काही आठवड्यांनी न्यूयॉर्कच्याच फिलहार्मोनिक हॉलमध्ये या मेहुण्या-मेहुण्यांनी वाजवलेली जुगलबंदी गुरूला अर्पण केलेली आहे आणि ती ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. हेमबिहाग, माँज खमाज आणि सिंधी भैरवी हे त्यातले राग. दोघांच्या स्वभावांतला फरक ऐकायचा असेल तर हीच मैफल घ्यावी: सतार पुढे धावते, सरोद तिला वाट पाहायला लावतो. १९७५ मध्ये जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांच्याबरोबर ‘करुणा सुप्रीम’ ही तबकडी निघाली. असे मिश्र प्रयोग त्यांनी थोडेच केले आणि त्यांना अवास्तव महत्त्वही दिले नाही.

या निवडीची किंमत मोजावी लागली हे नाकारता येणार नाही. वर्षाचा मोठा भाग कॅलिफोर्नियात गेल्याने भारतातील श्रोत्यांना ते कमी भेटले. १९७० नंतर वयात आलेल्या महाराष्ट्रातल्या रसिकाने सरोद म्हटले की अमजद अली खाँ यांचे नाव घ्यावे, अशी परिस्थिती त्यातूनच झाली. रविशंकरांच्या नावाभोवती जे वलय जगभर तयार झाले तेही अली अकबर यांच्या वाट्याला आले नाही. मान मात्र मिळाले: १९६३ मध्ये संगीत नाटक अकादमी, १९६७ मध्ये पद्मभूषण, १९८९ मध्ये पद्मविभूषण, १९९१ मध्ये अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिप, १९९७ मध्ये तेथील नॅशनल हेरिटेज फेलोशिप. ग्रॅमीसाठी त्यांचे नामांकन पाच वेळा झाले.

‘आलम मदिना म्युझिक प्रॉडक्शन्स’ या स्वतःच्या संस्थेमार्फत त्यांनी आपली जुनी-नवी मुद्रणे प्रसिद्ध केली. कंपन्यांच्या मर्जीवर न राहता स्वतःच प्रकाशक होणे हे त्या पिढीत नवेच होते. त्यांच्या ‘लेगसी’ या मुद्रणाकडे मराठी वाचकाने आवर्जून वळावे. मैहरच्या परंपरेतून आलेल्या जुन्या चिजा त्यांनी आशा भोसले यांना शिकवल्या आणि कॅलिफोर्नियात त्यांच्याकडून गाऊन घेतल्या. दीनानाथांच्या मुलीला शास्त्रीय बंदिशी नव्या नव्हत्या, तरी साठी ओलांडलेल्या पार्श्वगायिकेने विद्यार्थिनी होऊन बसणे आणि सत्तरी ओलांडलेल्या उस्तादाने तिला एकेक जागा सांगणे हा प्रकार विरळाच. आशाबाईंच्या गाण्यातला नखरा येथे बाजूला राहतो. सरोद मागून बोट धरतो आणि आवाज धृपदाच्या अंगाने सरळ चालतो. ज्यांना केवळ वाद्यसंगीत ऐकण्याची सवय नाही त्यांनी अली अकबर यांच्याकडे जायचे तर हा दरवाजा सोयीचा आहे.

शेवटची काही वर्षे मूत्रपिंडाच्या विकाराने शरीर थकले, तरी वर्ग थांबले नाहीत. १८ जून २००९ रोजी सॅन राफेलजवळच्या सॅन अँसेल्मो येथील राहत्या घरी, वयाच्या ८७ व्या वर्षी, अली अकबर खाँ यांचे निधन झाले. थोरले पुत्र आशिष खाँ यांनी सरोदवादक म्हणून आधीच स्वतंत्र नाव मिळवले होते. सॅन राफेलचे महाविद्यालय उस्तादांच्या पश्चात कुटुंबीयांनी आणि शिष्यांनी चालू ठेवले, आणि तेथे सरोद शिकवण्याची जबाबदारी अमेरिकेतच वाढलेले धाकट्या पिढीतील पुत्र आलम खाँ यांच्याकडे आली.